जुनी मॅटॅडोर, आत बेड आणि टोचनाची दोरी: बेळगाव भागात नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

जुनी मॅटॅडोर घेऊन, आत झोपायची सोय करून फिरायचं मनात असेल तर आधीच सांगून टाकतो, ही गाडी बंद पडणार. दीड लाख घाला नायतर चार लाख घाला, तीस-पस्तीस वर्षांची मॅटॅडोर आहे ती, कुठंतरी पडणारच. आपल्या हातात काय, तर ती कुठं पडायची आणि ब्रेक दाबल्यावर थांबायची की नाही, एवढंच. खालचं सगळं ह्याच हिशोबानं लिहिलंय. बेड, पडदे, पिवळी लायटिंग हे सगळं शेवटी येतंय, पहिलं तेच करायला घेऊ नका, मी घेतलं होतं आणि तो सगळा बेड नंतर पत्र्याच्या कामाला उचकटून बाहेर काढावा लागला.

कुठली गाडी

परदेशात लोक जुन्या फोक्सवॅगन व्हॅन करतात, आपल्याकडं त्या शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडची म्हणजे बजाज टेम्पोची मॅटॅडोर (तीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स). बेळगावात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, ह्या गाडीत बसून शाळेला नायतर पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला गेल्याची आठवण असतेच, आत वीस-पंचवीस माणसं आणि टपावर भांडी. इंजिन पुढं, ओढणारी चाकंपण पुढचीच, त्यामुळं मागं खालून प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) जात नाही आणि फ्लोअर खाली आणि सपाट असतंय. बेड करायला ह्याच्यापेक्षा सोयीचं काय. खरं तोटापण त्यातच आहे, मागं वजन जास्त भरलं की चढाला पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरत बसतात.

घरात कुणालाच पाना धरता येत नसेल तर सरळ ओम्नी घ्या, त्यात कमीपणा काय नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १९८४ ते २०१९ इतकी वर्षं गाडी निघाली, पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतोय. दोघं झोपतात, पाय जरा वाकवून. फक्त जुन्या ओम्नीचे पेट्रोलचे रबरी पाइप पहिल्यांदा बदला, आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतंय आणि जुनं रबर त्यात फुगून चिरतंय.

कागद, गाडी बघायच्या आधी

हे कंटाळवाणं आहे खरं हिथंच जास्त लोक फसतात. मॅटॅडोर विकायला असते ती बहुतेक शेताच्या कडेला, शेडमागं, आणि मालक म्हणतो कागद क्लिअर आहेत. क्लिअर म्हणजे काय तर एक जुनं आरसी पुस्तक, त्यातली दोन पानं उंदरानं खाल्लेली.

बघायचं काय? गाडी पिवळ्या पाटीची की पांढऱ्या. मॅटॅडोर बहुतेक टुरिस्ट नायतर मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या असतात, मग टॅक्स किती वर्षांचा थकलाय ते आधी काढा, कारण खासगी करून घ्यायची तर तो भरल्याशिवाय आरटीओत पुढं काय हलत नाही. पुस्तकात कर्जाचा शिक्का आहे का बघा, कर्ज कधीच फिटलेलं असतं खरं नोंद तशीच असते, ती काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो आणि कधीकधी ती बँकच दुसऱ्या बँकेत गेलेली असते. गाडीचा रेकॉर्ड सरकारच्या 'वाहन' नावाच्या ऑनलाइन सिस्टममध्ये दिसतो का तेपण बघा, नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्या. चॅसी नंबर स्वतः वाचा, गंजून गेला असेल तर ती गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असू दे.

खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी रिन्यूअल, फॉर्म २५ भरून आणि गाडी दाखवून. वीस वर्षांच्या पुढच्या हलक्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून रिन्यूअलची फी १०,००० रुपये झाली आहे, ती गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. कोल्हापूर-सांगलीची एमएच ०९ किंवा एमएच १० गाडी घेऊन हिकडं ठेवणार असाल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, सौद्याच्या दिवशीच सह्या करून घ्या, कारण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतोय. टॅक्स किती पडेल ते इथल्या आरटीओतच विचारा, एजंटला नको.

आणि एक गैरसमज. लोक मला म्हणतात व्हिंटेज म्हणून रजिस्टर कर, स्वस्तात सुटशील. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपात असलेली गाडी. रजिस्ट्रेशन २०,००० रुपये, नंबरात व्हीए येतंय, आणि मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामालाच रस्त्यावर काढायची, रोज फिरवायची नाही. १९८९ ची मॅटॅडोर त्यात बसत नाही आणि बसली असती तरी आत बेड ठोकल्यावर मूळ रूप कुठलं? बॉडी बदलणं, टप उंच करणं, सीट कायमच्या काढणं ह्याला मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ लागतंय, आरसीत लिहिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. म्हणून माझा बेड चार नॉबवर बसतो, पाच मिनिटांत निघतो. त्यापेक्षा मोठं काय करायचं मनात असेल तर पत्रा कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नको.

गाडी बघायला जाताना

मालकाला फोन करून सांगा, मी यायच्या आधी चालू करू नका. गरम इंजिन कुठलंपण चालू होतंय. थंड असताना हीटर प्लग अर्धा मिनिट धरून सेल्फ मारा. पांढरा धूर थोडा वेळ आला आणि गेला तर चालतंय. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, काळा असेल तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं) नायतर डिझेल पंपाचं काम आहे, ते परवडतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून हात धरा, भसाभसा वारा आणि धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर-पिस्टनचे पैसे धरा.

खिशात एक लोहचुंबक न्या, स्पीकरमधला काढलेलापण चालतोय. दाराच्या खालच्या कडा, पायरी, चाकावरचा पत्रा, काचेच्या रबराखाली आणि टपाच्या पन्हाळीला लावत जा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मालक बघत असला तरी लाजू नका.

मग स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळू गोल फिरवा. पुढून कट-कट-कट आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट गेलेत. टायरवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसते म्हणून फसू नका, उभ्या गाडीचं टायर झिजत नाही, कडक होऊन चिरतंय.

पैसे कुठल्या क्रमानं घालायचे

ब्रेक, स्टेअरिंग आणि टायर, पाणी, डिझेलची लाइन आणि वायरिंग, पत्रा, मग बेड. हाच क्रम.

ब्रेकचं सांगतो. मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडरचे वॉशर, सगळे रबरी होज पाइप नवीन. जुना होज बाहेरून चांगला दिसतोय खरं आतून फुगून बंद झालेला असतो, मग ब्रेक दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर सुटत नाही, चाक तापतंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतंय, आणि घाटात ते पाणी उकळलं की पेडल सरळ खाली जातं. म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन डॉट-३ भरा आणि दोन वर्षांनी परत बदला, कमी फिरली असली तरी.

पाण्यासाठी रेडिएटर उतरवून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ करणं) करून घ्या, सगळे होज नवीन, फॅन बेल्ट नवीन आणि एक जुना पण चांगला बेल्ट सीटखाली. काहीजण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. त्यानं इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त खातं आणि तापायचं मूळ कारण तसंच राहतं. नवीन बसवा.

ही कामं कुठं करायची? चकाचक कार गॅरेजला नेऊ नका, तिथली पोरं लॅपटॉप जोडायला जागा शोधतात. मॅटॅडोरचं डिझेल इंजिन जुन्या पद्धतीचं, मायको कंपनीच्या डिझेल पंपावर चालणारं. ते कुणाला कळतंय तर ट्रॅक्टरच्या आणि ऑइल इंजिनच्या मेकॅनिकला, आणि आपल्या चिक्कोडी, रायबाग, अथणी भागात उसामुळं असले हात गावोगावी आहेत. जो पार्ट मिळतच नाही तो बेळगावात उद्यमबागला घेऊन जा, तिथं फाउंड्री आणि लेथची एवढी वर्कशॉप आहेत की जुना बुश, पिन, स्टड दाखवला की तसाच करून मिळतोय, फक्त जुना तुकडा फेकू नका, माप त्याच्यावरूनच घेतात. मी एक जुना बुश भंगारात दिला आणि पुढं दीड महिना गाडी विटांवर उभी होती.

डिझेलच्या लाइनमधली एअर (हवा) काढायला शिका, दुसरं काय नाही शिकलं तरी चालेल

माझी पहिली मोठी ट्रिप. शहाणपणा करून थेट चोर्ला घाटाला निघालो, जांबोटी सोडली, कणकुंबीच्या अलीकडं चढाला गाडी दोन आचके देऊन बंद. बायको म्हणाली, डिझेल संपलं? टाकी अर्धी भरलेली. सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली. मोबाइलला रेंज नाही. शेवटी एक वयस्कर ट्रकवाले मामा थांबले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "एअर धरल्या बघ. नुसता सेल्फ काय मारूलालैस, एअर कोण काढणार?" टाकीतून येणारा एक बोटभर रबरी पाइप क्लिपजवळ चिरला होता. तिथून डिझेल गळत नव्हतं, आत हवा ओढली जात होती. त्यांनी पाइपचं चिरलेलं टोक कापून परत बसवला, एअर काढली, आम्ही ढकलली, चालू झाली. त्या दिवशी शिकलो ते असं.

पहिलं टाकीत डिझेल आहे आणि पाइप कुठं चिरला नाही ते बघा, कारण मूळ भोक बंद केल्याशिवाय एअर परत धरणारच. मग डिझेल फिल्टरवरचा छोटा बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. खाली चिंधी धरा. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हातानं मारायची मूठ असते ती मारत राहा, आधी फेस येईल, बुडबुडे येतील, मग सलग डिझेल यायला लागलं की मूठ मारत असतानाच बोल्ट आवळा. आता तेच मोठ्या, मायको पंपावरच्या बोल्टला करा. एवढ्यावर बहुतेक वेळा गाडी चालू होतेय. नाही झाली तर नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करा, दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा, डिझेल थुंकायला लागलं की एकेक आवळत या. तिथं हात किंवा तोंड जवळ नेऊ नका, त्या डिझेलला कातडी फोडण्याएवढा जोर असतो. सेल्फ एकावेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबा.

हे घराच्या अंगणात, उजेडात, मुद्दाम तीन-चार वेळा करून बघा. रात्री टॉर्च तोंडात धरून पहिल्यांदा करायची वेळ येऊ देऊ नका.

आतलं काम

ह्याबद्दल बाकी लोक भरपूर सांगतात म्हणून थोडक्यात. बारा एमएमची बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारी) प्लाय घ्या, साधी कमर्शियल आपल्या पावसात फुगते. पाण्याचा कॅन, बॅटरी, हत्यारं असलं जड सामान शक्य तेवढं पुढं आणि खाली ठेवा, वर सांगितलेल्या पुढच्या चाकांच्या कारणासाठी. टपाला आतून इन्सुलेशन लावा, बाजूंना आपल्या हवेत नाही लावलं तरी चालतंय.

लाइटला वेगळी बॅटरी, गाडीची वापरू नका. हिशोब सोपा आहे. वीस वॅटचा फॅन आठ तास म्हणजे १६० वॅट-तास, एलईडी आणि मोबाइल मिळून अजून साठ. १२ व्होल्टची ६० एएचची साधी बॅटरी म्हणजे ७२० वॅट-तास, त्यातलं अर्धंच वापरायचं नायतर बॅटरी मरते, म्हणजे ३६०. दीड रात्र झाली. दुसऱ्या दिवशी गाडी चालवली की भरते, मध्ये आयसोलेटर रिले (गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा) टाका, आणि प्रत्येक प्लसच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. जुन्या गाड्या जळतात त्या अशाच, बिनफ्यूजची वायर पत्र्याच्या कडेला घासून.

गॅस पाच किलोचा, स्वयंपाक बाहेर नायतर सगळी दारं उघडून. थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवून झोपायचं नाही म्हणजे नाही. दोन किलोचं एबीसी फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ, बेडखाली नको.

फिरायला सुरुवात: टोचनाचं अंतर

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोरीनं बांधून ओढत आणणं, सुरुवातीला तशी घरी आणता येईल एवढंच लांब जायचं. पहिले दोन-तीन रविवार राजहंसगडाच्या पुढं जायचं नाही. येळ्ळूरपर्यंत जा, चढ चढवा, खाली आणा, गाडीखाली वाकून कुठं काय ठिबकतंय बघा, चाकांना हात लावून कुठलं जास्त तापलंय बघा. त्यानंतर खानापूर आणि हलशी, कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघून परत. मग गोकाकचा धबधबा, घटप्रभेचा, सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतोय, जुलै-ऑगस्टला बघण्यासारखा आणि वाटेत पाच्छापूर-हिडकल भागात गावं जवळजवळ आहेत, मदत मिळते. येताना करदंट (तिथली सुक्या मेव्याची मिठाई) आणा. हायवेनं निपाणीकडं जाणारपण सोपं, संकेश्वर, निपाणीला ट्रकचे मेकॅनिक रात्रीसुद्धा भेटतात, फक्त वंटमुरी आणि तवंदीच्या उताराला मागून येणारे ट्रक तुमच्यासाठी थांबणार नाहीत हे लक्षात ठेवा.

आंबोली ह्यानंतर, तीपण वर गावात थांबून परत, खाली सावंतवाडीला उतरायचं नाही पहिल्या वेळी. चोर्ला आणि तिलारी सगळ्यात शेवटी. जांबोटीच्या पुढं जंगल, रेंजचा पत्ता नाही, आणि तिलारीचा उतार असा की नवीन गाडीवालेपण देव आठवतात.

उताराला नियम जुनाच, ज्या गिअरला चढली असती त्याच गिअरला उतरवा. न्यूट्रल नाही, इंजिन बंद नाही, बंद केलं की ब्रेकची ताकद एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा, वेग कमी करा, सोडा. रबर जळाल्यासारखा वास आला तर कडेला घ्या, अर्धा तास थांबा, चाकावर पाणी मारू नका.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ह्या दिवसांत अंधार पडला की मी गाडी चालवत नाही, सहाला जागा धरतो. जागा म्हणजे पेट्रोल पंप, ढाबा, देवळाचं पटांगण, विचारून. भीमगड आणि खानापूरच्या जंगलात शांत वाटतंय म्हणून कडेला झोपू नका, अभयारण्य आहे, वनखातं उठवतंच आणि अस्वलं खरंच आहेत. एक नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळं बेळगाव शहर भरलेलं असतं, त्या दिवशी असली गाडी चन्नम्मा सर्कलच्या बाजूला घालू नका, क्लच तिथंच संपेल.

गाडीत कायम पायजेत ते म्हणजे रिंग पान्यांचा सेट, दोन मीटर डिझेलचा पाइप आणि सहा-सात क्लिपा, फॅन बेल्ट, फ्यूज, इन्सुलेशन टेप, पाच लिटर पाणी, दोन लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची बाटली, जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला एक जाड फळी, चाकाला लावायला दोन लाकडी ओट, आणि चांगली टोचनाची दोरी, चार-पाच मीटर. टोचन लावलं की किल्ली चालू पोझिशनला ठेवा नायतर स्टेअरिंग लॉक होईल, मागच्या बंद गाडीत बसणाऱ्यानं हलका ब्रेक धरून दोरी ताणलेली ठेवायची, ढिली पडून झटका बसला की हूक उपटतो. रात्री टोचन नको.

गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल भागात मराठी सगळ्यांना कळेलच असं नाही, आणि दोन शब्द कन्नड बोललं की माणसं हसून खाली उतरतात. "गाडी बंद आगैत्री." "स्वल्प नूक्री", म्हणजे जरा ढकला. "नीर बेक्री", पाणी पायजे. "मेकॅनिक एल्लि अदार्री?" आणि काम झाल्यावर "एष्ट आत्री?" शेवटी री लावायला विसरू नका, ते आपल्या अहो-जाहोसारखं आहे.

पावसाळ्यात उभी ठेवताना

जूनच्या आधी टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत पाणी धरतं. बॅटरीची मायनस काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात, चाकाला ओट लावा आणि गिअरमध्ये ठेवा. दहा-बारा दिवसांनी चालू करून चांगली गरम होऊ द्या आणि जागच्या जागी पुढं-मागं करा. काचेच्या रबरातून पाणी येत असेल तर फ्लोअरवरचं मॅट काढूनच ठेवा, खाली साठलेलं पाणी दिसत नाही आणि सप्टेंबरला पाय ठेवला की बूट आरपार जातो. उंदरांसाठी डांबर गोळ्या टाका, उपयोग होतो की नाही देव जाणे. गेल्या वर्षी माझ्या सीटच्या फोममध्ये पाच पिल्लं निघाली, वायरिंगला मात्र दात लावला नव्हता.